चापावरचं बोट : ट्रिगर सुधारावा की बदलावा?

या वेळच्या टपालात ट्रिगरची सात पत्रं आहेत. त्यातल्या चौघांनी नवा ट्रिगर आधीच पसंत करून ठेवलाय, माझ्याकडून फक्त होकार हवाय. होकार मी इतक्या सहज देत नाही, हे घरच्यांनाही माहीत आहे. सगळ्यांच्या कामी येईल असं एक पत्र आधी सविस्तर घेतो, मग बाकीची.

प्रश्न : माझी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल आहे (दर बारानंतर बोल्ट, म्हणजे मागचा दांडा, हाताने मागेपुढे करायचा), 100 मीटरवर कागदी लक्ष्यावर नेमबाजी करतो. कारखान्यातून आलेला चाप ओढायला फार जड आहे, 2.6 किलो भरला. शिवाय ओढताना खरखरतो आणि नेमका कधी सुटेल याचा अंदाज येत नाही. क्लबातले मित्र म्हणतात, सरळ नवा ट्रिगर बसव. आमचा आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा कारागीर, म्हणतो, आहे तोच नीट करून देतो. कुणाचं ऐकू?

उत्तर : आर्मररचं. पण तो म्हणतोय म्हणून नव्हे. आधी बघू की दुखणं नेमकं कुठे आहे.

तुम्ही 2.6 किलो लिहिलंत. किती वेळा मोजलंत? माझ्या बाकावर रायफल आली की पहिलं काम हेच. मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे, चेंबर आधी डोळ्यांनी आणि मग करंगळी घालून तपासायचं, काडतुसं त्या खोलीतच नकोत. मग ट्रिगर गेजचा (चापाचं वजन मोजायच्या काट्याचा) हुक चापावर जिथे बोटाचं पेर टेकतं तिथे लावायचा आणि सावकाश, सरळ मागे ओढायचं. एकदा नव्हे, दहादा. दहाही आकडे वहीत लिहायचे.

निम्मं निदान त्या वहीतच होतं. आकडे 2.6, 2.6, 2.5, 2.6 असे एका रांगेत आले तर आतले भाग धड आहेत, फक्त स्प्रिंग ताणलेली आहे. तेच 2.2, 2.9, 2.4, 3.1 असे उड्या मारत आले तर आत घाण आहे, खरखर आहे किंवा काहीतरी कशाला तरी घासतंय. तुम्ही ‘खरखरतो’ आणि ‘अंदाज येत नाही’ असं लिहिलंय, म्हणून मी पैज लावतो की तुमचे आकडे दुसऱ्या जातीचे निघतील. आणि तसे असतील तर वजन हा तुमचा प्रश्नच नाही. दीड किलोचा बेभरवशाचा चाप अडीच किलोच्या चोख चापापेक्षा वाईट. हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय की क्लबातली पोरं माझ्याआधीच ते पूर्ण करतात.

चोख म्हणजे काय? बोट दाब वाढवत जातं, चाप जागचा हलत नाही, हलत नाही, आणि मग वाळकी काडी मोडावी तसा एकदम सुटतो. सुटण्याआधी तो दबत, सरपटत जात असेल तर त्याला आम्ही क्रीप म्हणतो. सुटल्यावरही मागे धावत राहिला तर तो ओव्हरट्रॅव्हल. आत गोष्ट साधी आहे. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर ठोका देणारी पिन, ताणलेल्या स्प्रिंगवर मागे उभी असते आणि सिअर नावाचा अडसर तिला धरून ठेवतो. त्या सिअरची कड आणि चापाची कड एकमेकींवर टेकलेल्या असतात, बहुतेक वेळा अर्धा मिलिमीटर, कधी त्याहून थोडी जास्त. तुमचं बोट काय करतं, तर एक कड दुसरीखालून काढून घेतं. एवढाच सगळा खेळ. त्या अर्ध्या मिलिमीटरच्या वाटेत खडा असला तर तो बोटाला लागणारच.

नेमावर याचा परिणाम होतो तो असा. गोळी कुठे जायची हे नळी आणि काडतूस ठरवतात, चाप काहीच ठरवत नाही. पण सव्वातीन-साडेतीन किलोच्या रायफलीवर तुम्ही अडीच किलोंनी ओढताय आणि बोट कधीच अगदी सरळ मागे येत नाही, थोडं बाजूलाही ढकलतं. नळीचं तोंड खांद्यापासून साधारण मीटरभर लांब. तिथे ते 1 मिलिमीटर ढळलं तर 100 मीटरवर 10 सेंटिमीटर चुकलं. चाप कधी सुटणार हे कळत नसलं की माणूस चिडतो, शेवटी हिसका देतो, आणि ते 1 मिलिमीटर तिथेच जातं.

आता करायचं काय ते क्रमाने सांगतो. क्रम मोडू नका.

आधी अ‍ॅक्शन (बोल्ट आणि ट्रिगर बसतात तो पोलादी भाग) दस्त्यातून बाहेर काढा आणि चाप तसाच, बाहेरच ओढून बघा. खरखर गेली? मग दोष ट्रिगरचा नाहीच, लाकडाचा आहे. चाप खाचेच्या भिंतीला घासत असतो, किंवा गार्ड (चापाभोवतीची कडी) वाकडा बसलेला असतो, किंवा कुणीतरी कधीतरी लांब स्क्रू घातलेला असतो आणि त्याचं टोक आत टोचत असतं. शोधायची माझी युक्ती म्हणजे काजळ. चापाच्या दोन्ही बाजूंना बोटाने काजळ लावायचं, रायफल जोडायची, पाच-सहा वेळा चाप ओढायचा, पुन्हा सोडवायची. जिथे काजळ पुसलंय तिथे चाप घासतोय. एका गृहस्थांनी नव्या ट्रिगरची मागणी नोंदवून ठेवली होती. त्यांच्या खाचेच्या डाव्या भिंतीवरून मी कागदाइतकं लाकूड तासलं. ती रायफल अजून जुन्याच ट्रिगरवर चालते आहे आणि ते गृहस्थ माझ्याशी जरा तुटक बोलतात.

लाकूड निर्दोष निघालं तर सफाई. ट्रिगरच्या पेटीत काय काय निघतं याची यादी केली तर हसाल. मधासारखं घट्ट झालेलं तेल, पितळेचे कण, वाळू, गवताचं बी, आणि एकदा मेलेला कोळी. दोष बहुतेक वेळा तेलाचाच. प्रेमापोटी लोक ट्रिगरमध्ये तेल ओततात, ते धूळ धरतं, वर्षभरात राळेसारखं होतं आणि थंडीत तर गोठल्यागत चालतं. लायटरमध्ये भरतात ते द्रव आतून भरपूर वाहू द्या, चाप आणि खटका (सेफ्टी, ती बंद असली की चाप सुटत नाही) हलवत राहा, खाली पांढरा कपडा धरा. पहिलं पाणी तपकिरी निघतं. कपडा स्वच्छ राहीपर्यंत हे करत राहायचं. मग वाळू द्यायचं आणि कोरडंच ठेवायचं. खिडकी उघडी ठेवा, आसपास ठिणगीसुद्धा नको, हे सांगायची वेळ येऊ नये, पण सांगतो.

पुन्हा दहा आकडे घ्या. माझ्या अनुभवात निम्मी पत्रं इथेच संपतात.

मग स्क्रू. बहुतेक आधुनिक बोल्ट-अ‍ॅक्शन ट्रिगरला एक ते तीन स्क्रू असतात. एक वजनाच्या स्प्रिंगवर दाब देतो, दुसरा सिअर किती टेकावा ते ठरवतो, तिसरा ओव्हरट्रॅव्हल थांबवतो. माहितीपुस्तिका उघडा आणि त्यात जो स्क्रू ग्राहकाने फिरवावा असं लिहिलंय तेवढाच फिरवा, तोही पाव-पाव आटा, दर पाव आट्यानंतर मोजमाप करून. टिक्का कंपनीच्या टी3 मालिकेत वजन साधारण 1 ते 2 किलोंच्या दरम्यान असं बसवता येतं, सॅव्हेजच्या अ‍ॅक्युट्रिगरलाही ती सोय आहे. अशी रायफल असून जो नवा ट्रिगर मागतो त्याला मी आधी पुस्तिकेचं पान उघडून दाखवतो. सिअरच्या टेकणीचा स्क्रू मात्र आर्मररकडे. त्यावर कारखान्याने रंगाचा ठिपका दिलेला असतो, तो उगीच नसतो. टेकणी कमी केली की क्रीप जातो आणि चाप झकास वाटतो, आणि तेवढ्याने दस्ता जमिनीला टेकताच पिन सुटू शकते. ओव्हरट्रॅव्हलचा स्क्रू फार आत नेलात तर सिअरला पूर्ण मोकळं व्हायला जागाच उरत नाही, मग चाप सुटतच नाही किंवा सुटताना कड खातो.

एवढं करून चाप दीड-पावणेदोन किलोंवर, एकसारखा आणि क्रीपशिवाय आला तर तिथे थांबा. कागदी लक्ष्याला पुरेसं आहे.

आणि बदलायचा कधी? ट्रिगरला सुधारण्याजोगं काही नसेल तेव्हा. म्हणजे स्क्रू नाहीत, भाग पत्र्याचे ठोकून काढलेले, कडा झिजून गोल झालेल्या, आकडे सफाईनंतरही दीड-दोनशे ग्रॅमच्या वर इकडेतिकडे. अशा ट्रिगरवर आर्मररचे तास घालवायचे म्हणजे फाटक्या चपलेला पॉलिश. चांगल्या कंपनीच्या बदली ट्रिगरमध्ये सिअर आणि चाप कडक पोलादाचे, वायर-कटने कापलेले, घासून एकमेकांना जुळवलेले असतात आणि पेटी जोडून, तपासून येते. ती सुबकता हाताने आणायला आर्मररला अर्धा दिवस लागतो, आणि हात त्या दिवशी चांगला असावा लागतो. तेव्हा बदलाला माझा विरोध नाही. निदान न करता बदलण्याला आहे.

शेवटी एक चाचणी, फुकटची. मित्राला तुमच्यासाठी काडतुसं भरायला सांगा, तीन खरी, दोन डमी, क्रम तुम्हाला माहीत नको. डमीवर चाप सुटला आणि नळी खाली डुचमळली, तर तुम्ही धक्क्याला आधीच घाबरताय. नवा हलका ट्रिगर ही सवय पंधरा दिवस लपवतो, कारण तो तुम्हाला दचकायच्या आत सुटतो. सोळाव्या दिवशी बोट शिकतं.

प्रश्न : ऑइलस्टोनवर सिअर घासून चाप मऊ करता येतो असं एका व्हिडिओत पाहिलं. दहा मिनिटांचं काम दिसतं. करू का?

उत्तर : नको. या एका प्रश्नाला मी गंभीर होतो, म्हणून कारण सांगतो.

माझ्या उमेदवारीचं दुसरं वर्ष. मावझर पद्धतीची जुनी रायफल, जड चाप. उस्ताद बाहेरगावी. मी सिअर काढला, बारीक दगडावर तेल टाकून घासला, आरशासारखा केला. जोडला तर चाप असा झाला की काय सांगू. बोल्ट वीस वेळा लावला, काही नाही. क्लबच्या दोघांना ओढायला दिला, दोघांनी पाठ थोपटली. महिनाभराने उस्तादांनी तीच रायफल रिकामी, खटका उघडा ठेवून उचलली आणि दस्ता रबरी चटईवर वीतभर उंचीवरून टेकवला. कट्‌. पिन पडली. त्यांनी काही न बोलता पुन्हा बोल्ट ओढला, पुन्हा टेकवला. कट्‌. मग भिंग माझ्या हातात दिलं.

भिंगातून दिसलं ते असं. त्या काळचे असे भाग पुष्कळदा मऊ पोलादाचे करून फक्त वरून कडक केलेले असत. कडक कातडी मिलिमीटरच्या काही दशांश जाडीची, आतला गाभा मऊ. माझ्या दगडाने कडेपाशी ती कातडी खाल्ली होती. उरलेल्या मऊ पोलादावर महिन्याभरात एक चकचकीत उतार पडला होता, पायरीची कड पाय लागून लागून झिजते तसा. शिवाय घासताना माझा कोन बदलला होता. सिअरचा कोन असा हवा की चाप ओढताना कॉकिंग पीस (पिनच्या मागचा, सिअर ज्याला धरतो तो तुकडा) अगदी केसभर मागे सरकावा, म्हणजे स्प्रिंगचा जोर सिअरला जागेवर बसवतो. मावझरला बोल्टच्या मागे नीट बघितलं तर तो केसभर प्रवास डोळ्याला दिसतो. माझ्या हाताने तो कोन उलटा झाला होता, म्हणजे स्प्रिंगच सिअरला बाहेर ढकलत होती. धरून ठेवायला उरलं होतं ते निव्वळ घर्षण.

तो सिअर मी फेकला नाही. अजून एका पत्र्याच्या डबीत आहे. दगडाचं विचारणाऱ्याला मी आधी डबी उघडून देतो आणि मग भिंग.

आर्मरर दगड वापरत नाहीत असं नाही. वापरतात, पण कोन धरणाऱ्या जिगमध्ये भाग बसवून, दोन-चार हात, फक्त खरवड काढायला, आणि कातडी किती जाड आहे हे माहीत असताना. दहा मिनिटांच्या व्हिडिओत महिन्यानंतरचं काही दिसत नाही.

प्रश्न : मग स्प्रिंगचा एखादा वेढा कापला तर?

उत्तर : तेही नको. कापलेलं टोक तिरकं बसतं, स्प्रिंग एका बाजूला झुकते आणि तुमचे दहा आकडे दहा दिशांना जातात. वजन कमी करायचं तर त्या ट्रिगरसाठी बनलेली हलकी स्प्रिंग मिळते, ती घाला. फायरिंग पिनच्या मुख्य स्प्रिंगला तर हातच लावू नका. ती हलकी केली की चापावरचा भार थोडा घटतो खरा, पण पिन सावकाश जाते आणि प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या पेट घेणाऱ्या टोपीवर, ठोका कमी पडतो. न उडालेलं काडतूस हातात घेऊन उभं राहायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : वडिलांची ली-एन्फिल्ड नं. 4 माझ्याकडे आली आहे, परवाना रीतसर माझ्या नावावर झाला आहे. चाप कोरड्या हवेत छान दोन टप्प्यांत चालतो, दमट दिवसांत दुसरा टप्पा जणू नाहीसाच होतो. आधुनिक ट्रिगर बसवून टाकावा का?

उत्तर : ताई, ही रायफल तशीच राहू द्या, दोष शोधूया. तुमच्या पत्रातच उत्तर आहे, हवा बदलली की चाप बदलतो.

नं. 4 च्या मार्क 1 मध्ये चाप अ‍ॅक्शनला टांगलेला नसतो, खालच्या ट्रिगर गार्डला टांगलेला असतो. सिअर वर, पोलादात. चाप खाली, गार्डवर. आणि दोहोंच्या मध्ये दस्त्याचं लाकूड. लाकूड फुगलं की गार्ड खाली जातो, आकसलं की वर येतो, आणि गार्डबरोबर चापही. चापाच्या माथ्यावर दोन उंचवटे असतात. पहिला सिअरला दाबत नेतो तो पहिला टप्पा, दुसरा टेकतो तिथे बोटाला भिंत लागते तो दुसरा. गार्ड थोडा जरी सरकला तरी त्या दोन उंचवट्यांची पाळी चुकते. हा दोष बनवणाऱ्यांनाही कळला होता, म्हणून पुढे मार्क 2 मध्ये चाप थेट अ‍ॅक्शनच्या पोलादी भागाला टांगला. तुमची कुठली ते डाव्या बाजूच्या कोरीव खुणेवरून बहुधा कळेल. मार्क 1/2 किंवा 1/3 अशी खूण असेल तर ती नंतर मार्क 2 सारखी करून घेतलेली आहे, मग दुखणं दुसरं काही असेल.

साधा मार्क 1 असेल तर जुन्या सैनिकी रायफली जाणणाऱ्या आर्मररकडे न्या आणि दोन गोष्टी बघायला सांगा. गार्डच्या पुढच्या स्क्रूभोवती लाकडात एक छोटं पोलादी नळकांडं असतं, ते गार्ड आणि अ‍ॅक्शन यांच्यात ठरलेलं अंतर राखतं. अनेक रायफलींत ते हरवलेलं असतं, कारण दस्ता काढताना ते टुणकन उडून कपाटाखाली जातं. दुसरं, लाकडाची अ‍ॅक्शनला टेकण्याची जागा तेल पिऊन पिचकली आहे का. ही दोन कामं झाली की चाप ऋतू ओळखायचा बंद होतो. वजन सैनिकीच राहील, दोनेक किलोंच्या पुढेमागे. पण दोन टप्प्यांच्या चापाला ते भासत नाही, अर्ध्याहून जास्त भार पहिल्याच टप्प्यात उचलला जातो आणि भिंतीपाशी बोटाला थोडंच काम उरतं. वडिलांनी याच चापावर नेम धरला असेल. तुम्हीही धरा.

प्रश्न : माझी रेमिंग्टन 700 जुनी आहे. तिच्या ट्रिगरबद्दल उलटसुलट ऐकतो. सुधारू की बदलू?

उत्तर : बदला. इथे मी निदानाचा आग्रह धरत नाही.

जुन्या 700 मधला ट्रिगर त्याच्या रचनाकाराच्या नावाने वॉकर ट्रिगर म्हणून ओळखला जातो. तो 1948 च्या मॉडेल 721 आणि 722 मध्ये आला आणि 1962 मध्ये 700 निघाली तेव्हा तिच्यातही गेला. ओढायला अतिशय गोड, हे कबूल केलंच पाहिजे. पण त्यात चाप आणि सिअर यांच्यामध्ये कनेक्टर नावाची एक पातळ पट्टी असते, ती चापाला जोडलेली नसते, स्प्रिंगच्या दाबाने नुसती टेकलेली असते. बार झाला की ती चापापासून क्षणभर सुटते आणि पुन्हा येऊन बसते. त्या फटीत घाण, गंज किंवा घट्ट तेल अडकलं की ती पूर्ण परत येत नाही, आणि सिअरला टेकायला जागा कमी उरते. त्यावर अनेक वर्षं न्यायालयीन वाद चालले. नंतर कंपनीने एक्स-मार्क प्रो हा कनेक्टर नसलेला ट्रिगर आणला. तोही 2014 च्या एप्रिलमध्ये परत मागवावा लागला, कारण जोडणीच्या वेळी आत चिकटद्रव्य जास्त गेलेलं असू शकत होतं. 1 मे 2006 ते 9 एप्रिल 2014 या काळात बनलेल्या, एक्स-मार्क प्रो असलेल्या मॉडेल 700 आणि मॉडेल सेव्हन रायफली त्यात होत्या. तुमची त्यातली असेल आणि ते काम झालं नसेल तर काडतूस भरू नका, आधी आर्मररला दाखवा.

नामांकित बदली ट्रिगर या अ‍ॅक्शनसाठी जितके मिळतात तितके क्वचितच दुसऱ्या कुठल्या रायफलीसाठी मिळत असतील, हे या दुखण्यातलं सुख.

प्रश्न : नवा ट्रिगर स्वतः बसवला. दोन पिना काढल्या, दोन घातल्या, झालं. चाप सुंदर आहे, फक्त खटका थोडा घट्ट सरकतो. चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. ‘फक्त खटका’ हे दोन शब्द वाचून मी चष्मा काढून ठेवला.

खटका घट्ट सरकतो म्हणजे तो लाकडाला घासत असेल, किंवा सिअरला उचलून धरायचं त्याचं काम काठावर होत असेल. लाकडाचं असेल तर काजळ लावून कळेल. दुसरं असेल तर हे करून बघा. रिकामी रायफल, बोल्ट लावलेला, खटका बंद. चाप चांगला जोरात ओढा आणि सोडा. आता चापाला न शिवता खटका उघडा. पिन पडली तर तुमची रायफल खटका उघडताच बार करणारी रायफल आहे. पडली नाही तर कान जवळ नेऊन चाप अगदी हळू ओढा. आधी बारीकशी टिक्‌ ऐकू आली तर खटका बंद असताना सिअर जागचा थोडा सरकला होता, म्हणजे तेही नापास.

पुढे बोल्ट रागाने लावल्यासारखा वीस वेळा आपटून लावा, खटका उघडा ठेवून. एकदाही पिन बोल्टबरोबर पुढे जाता कामा नये. मग रबरी हातोडीने दस्त्यावर, दोन्ही बाजूंना, बोल्टच्या मागे टकटक. मग तीच माझ्या उस्तादांची चटई, दस्ता वीतभर, मग फूटभर उंचीवरून. अठ्ठ्याण्णव टक्के पास हा इथे नापासच. आणि हे सगळं आर्मररसमोर करा, कारण नापास झाल्यावर तुम्ही पुन्हा स्क्रूला हात लावणार हे मला माहीत आहे.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. काही रायफलींत बोल्ट बाहेर काढायची कळ ट्रिगरच्या पेटीला जोडलेली असते. बदली ट्रिगरने ती नीट उचलली जात नसेल तर बोल्ट अर्धवट अडतो. तेही तपासा.

प्रश्न : माझी .22 सेमी-ऑटो, रुगर 10/22 आहे. सुट्टे भाग बदलत बसू की पूर्ण संच?

उत्तर : पूर्ण संच. या रायफलीचा चाप, हॅमर (पिनवर ठोका देणारा हातोडा), सिअर सगळं एकाच पेटीत असतं आणि दोन आडव्या पिना काढल्या की ती पेटी खाली येते. कंपनीचाच बीएक्स ट्रिगर सव्वा किलोच्या आसपास सुटतो, मूळचा त्याच्या जवळपास दुप्पट जड. नवा हॅमर, नवी स्प्रिंग, नवी शिम (फट भरायची पातळ चकती) असं एकेक जोडत गेलात तर शेवटी खर्च तेवढाच होतो आणि प्रत्येक भाग दुसऱ्याशी भांडतो. सेमी-ऑटोमध्ये तर सिअरच्या टेकणीशी घरी खेळूच नये. बार झाल्यावर बोल्ट परत आदळतो तेव्हा सिअरने प्रत्येक वेळी हॅमर पकडलाच पाहिजे. नाही पकडला तर एका ओढीत दोन बार.

प्रश्न : मुलगी 10 मीटर एअर रायफल शिकते आहे. तिची जुनी मॅच रायफल आहे, चाप 120 ग्रॅमवर. अकादमीतल्या मुली 60-70 वर वापरतात. तिचाही कमी करावा का?

उत्तर : आंतरराष्ट्रीय नियमांत 10 मीटर एअर रायफलच्या चापाला किमान वजनाची अट नाही. एअर पिस्तुलाला आहे, 500 ग्रॅम. त्यामुळे कितीही हलका चालतो, म्हणून कितीही हलका करायची चढाओढ लागते.

तिला विचारा की बोट चापावर ठेवल्यावर पहिला टप्पा संपतो ती भिंत तिला जाणवते का. जाणवत असेल आणि ती तिथे थांबून शांतपणे दाब वाढवू शकत असेल तर पाच-पाच ग्रॅम कमी करत बघा, दर पायरीला आठवडाभर. भिंत जाणवत नसेल तर आधी 120 वरच रोज ड्राय फायर, म्हणजे छर्रा न भरता चाप ओढायचा सराव. मॅच रायफलींना त्यासाठी वेगळी सोय असते, ती वापरा. थंडीत बोटं बधिर झाली की 60 ग्रॅमचा चाप आपोआप सुटल्यासारखा सुटतो आणि छर्रा भलतीकडेच जातो. मी तिच्या जागी असतो तर वजनाला हात न लावता आधी चापाची जागा पुढे-मागे करून बघितली असती. त्या रायफलींत चाप पट्टीवर सरकतो आणि थोडा फिरतोही. लहान हाताला तो 5 मिलिमीटर मागे घेतला की बोटाचं पहिलं पेर बरोबर मधोमध येतं, आणि मग 120 सुद्धा जड वाटत नाहीत. जुनी जागा पेन्सिलीने खूण करून ठेवा, परत यावं लागलं तर शोधत बसायला नको.